22 कोटी तासांचा हिशेब

8 लाख 71 हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, त्यातला हा आकडा. 2014 ते 2019 या काळात जगभरात दरवर्षी सरासरी एवढ्या मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध होता, असा आयोगाचा अंदाज आहे. म्हणजे दिवसाला सुमारे 2,400 आणि ताशी शंभर. जगातल्या सगळ्या रस्त्यांवर वर्षभरात अपघातांत दगावणाऱ्यांची संख्या 11 लाख 90 हजारांच्या आसपास आहे. अपघात टाळायला हेल्मेट, सिग्नल, गतिरोधक, वाहतूक पोलीस, विमा, न्यायाधिकरणं असं सगळं उभं आहे. त्याच्या जवळपास पाऊणपट जीव एकाकीपणात जातात आणि त्यासाठी बहुतेक देशांत साधं एक टेबलही नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘एकाकीपणा’ असं कारण कधी लिहिलं जात नाही. तिथे हृदयविकार लिहितात, पक्षाघात लिहितात. पण बोलायला कुणी नसलं की झोप उडते, रक्तदाब चढतो, जेवण एका वेळेवर येतं, गोळ्या चुकतात. न्हाणीघरात पाय घसरला तर हाक ऐकणारं कुणी नसतं. अमेरिकी संशोधक ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांमधल्या 3 लाख 8 हजार 849 माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

हे सगळं तिकडचं, श्रीमंत देशांचं दुखणं आहे, असं आपल्याकडे अजून सर्रास म्हटलं जातं. आयोगाच्या त्याच अहवालातले आकडे नेमकं उलट सांगतात. श्रीमंत देशांत साधारण 11 टक्के लोक एकाकी आहेत, तर गरीब देशांत 24 टक्के. एकत्र कुटुंबाच्या आठवणीवर निश्चिंत राहण्याची सोय आता उरलेली नाही.

आता आपल्या देशाकडे पाहू. 2022 मध्ये भारतात साठी ओलांडलेले लोक 14.9 कोटी होते. रशियाच्या एकूण लोकसंख्येहून हे जास्त. 2050 पर्यंत ते 34.7 कोटी होतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. म्हणजे आजच्या अख्ख्या अमेरिकेएवढे आजी-आजोबा एकट्या भारतात असतील. 28 वर्षांत 19.8 कोटींची भर म्हणजे दररोज 19 हजारांहून अधिक, मिनिटाला तेरा. 2017-18 मध्ये देशभर झालेल्या वार्धक्याच्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्यांपैकी 5.7 टक्के लोक एकटे राहत असल्याचं आढळलं. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. तेच प्रमाण 14.9 कोटींना लावलं, तर सुमारे 85 लाख घरांत रात्री दिवा मालवणारा हात एकच असतो. एकटं राहणारा प्रत्येक जण एकाकी नसतो हे खरंच. पण भरल्या घरात दिवसभर ज्यांच्याशी कुणी दोन वाक्यं बोलत नाही, त्यांची मोजदाद या 85 लाखांत झालेलीच नाही.

अपंगांची संख्या 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख होती. त्यातले 1 कोटी 86 लाख खेड्यांत. त्यांचा एकाकीपणा बऱ्याचदा इंच-फुटांत मोजता येतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण 1:12 असावं लागतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना पर्याय द्यायचा, तर 18 फूट जागा हवी. ग्रामपंचायतीपुढे, देवळापुढे, दवाखान्यापुढे ती 18 फूट जागा सोडलेली नसते आणि मग माणूस वर्षानुवर्षं त्या तीन पायऱ्यांच्या खालीच राहतो.

ऐकू न येणाऱ्यांचं एकटेपण तर घरातच सुरू होतं. त्याच जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले. जन्मतः कर्णबधिर असलेल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यातल्या बहुतेकांना सांकेतिक भाषा येत नाही. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली ती 2015 मध्ये आणि तिच्या शब्दकोशाने 10 हजार शब्दांचा टप्पा गाठला 2021 मध्ये. त्याआधीच्या पिढ्या पंगतीत बसून जेवल्या, पण पंगतीतला विनोद त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

चालत्या-फिरत्या म्हाताऱ्या माणसांचीही बोलण्याची ठिकाणं एकेक करून बंद झाली. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या बाईंचा दिवस बघा. लिफ्ट नाही, खाली उतरायला साठ पायऱ्या. पूर्वी दळण टाकायला गिरणीत जावं लागे, वीजबिलाच्या रांगेत उभं राहावं लागे, पासबुक भरायला बँकेत जावं लागे. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी ‘काय काकू, बऱ्या आहात ना?’ एवढं तरी विचारत असे. आता पीठ पाकिटातून येतं, बिल मोबाइलवर भरलं जातं, दुधाची पिशवी पहाटे दाराच्या कडीला अडकवलेली असते. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखलाही 2014 पासून घरबसल्या देता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही सोय मोलाची आहे, ती राहिलीच पाहिजे. पण गेलेल्या प्रत्येक रांगेबरोबर चार वाक्यंही गेली आणि त्यांची भरपाई कुणी केली नाही.

भरपाई झाली नाही तर काय होतं, हे जपानने आकड्यांत मांडून ठेवलं आहे. 2024 च्या पहिल्या सहा महिन्यांत तिथे एकटे राहणारे 37,227 लोक स्वतःच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक लोक 65 किंवा त्याहून जास्त वयाचे होते. 3,939 जणांचा मृत्यू महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ कुणाला कळला नव्हता. 130 जणांच्या बाबतीत तर वर्ष उलटून गेलं होतं. हे आकडे पोलिसांनी मोजले आहेत. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. जपानमध्ये एप्रिल 2024 पासून त्यासाठी कायदाही लागू आहे.

एवढे मोठे आकडे ऐकले की माणूस हात टेकतो. 85 लाख घरांपर्यंत पोचायचं तरी कसं? म्हणून तोही हिशेब मांडून बघू. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला आठवड्यातून अर्धा तास कुणीतरी भेटायचं ठरवलं, तर वर्षाला 22 कोटी 10 लाख तास लागतील. आकडा छाती दडपवणारा आहे. पण राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे आपल्या कॉलेजांतल्या एनएसएसमध्ये, देशभरात सुमारे 40 लाख विद्यार्थी आहेत. 1969 मध्ये 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांवर ही योजना सुरू झाली होती. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास समाजकार्याला द्यायचे असतात. त्यांची बेरीज होते 48 कोटी तास. म्हणजे देशातल्या प्रत्येक एकट्या म्हाताऱ्या माणसाची दर आठवड्याची भेट या एका योजनेच्या निम्म्याहून कमी वेळात बसते. मुलं सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत, वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिरंही व्हायला हवीत, हे मान्य. तरी या गणितातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही, भेटी ठरवून देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ती व्यवस्था किती साधी असू शकते, हे झिम्बाब्वेने दाखवलं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. 2006 मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत 14 आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारात बाक टाकला. खचलेल्या माणसाने त्यावर बसायचं आणि आजीशी बोलायचं, एवढीच योजना. पुढे 573 रुग्णांवर तिची शास्त्रीय चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांमध्ये ते प्रमाण 14 टक्के होतं. या योजनेत आज्या देणाऱ्या होत्या, घेणाऱ्या नव्हत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाकडे ‘सेवा’ करायला म्हणून गेलं की तो अवघडतो. त्याच्याकडे काहीतरी मागायला गेलं, मुलाचं गणित, गावाचा जुना इतिहास, लोणच्याचं प्रमाण, की तो खुर्चीत सरळ होऊन बसतो.

महाराष्ट्रात यासाठी लागणारं बरंचसं सामान आधीच आहे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, कट्टे आहेत. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ज्येष्ठांसाठी 14567 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तिथे मदतीबरोबर मन मोकळं करायलाही फोन करता येतो. पण संघापर्यंत, स्टँडपर्यंत, फोनपर्यंत जे स्वतःहून पोचत नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाला तरी जावं लागेल.

म्हणून महाविद्यालयांनी एनएसएसच्या 120 तासांतले निदान 26 तास या भेटींसाठी राखून ठेवावेत. मुलगा किंवा मुलगी ठरलेली, वार ठरलेला, घर ठरलेलं. ग्रामपंचायतींनी आणि सोसायट्यांनी आपल्या हद्दीत एकटे राहणारे ज्येष्ठ आणि घराबाहेर न पडणारे अपंग यांची यादी करावी, त्याला एक दुपार पुरते. आणि तुम्ही, वाचकहो, शासनाच्या निर्णयाची वाट पाहू नका. तुमच्या जिन्यात, आळीत, वाडीवर असं एक घर नक्की आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्याला अर्धा तास म्हणजे वर्षातल्या 8,760 तासांपैकी फक्त 26. ते त्या घरासाठी काढा आणि पहिला अर्धा तास याच आठवड्यात द्या.