उसण, हाडवैद्य आणि ऑस्टिओपॅथी

कपाशीची वेचणी सुरू झाली कीं आमच्या जालना, अंबड, घनसावंगी या भागांत घरोघर एकच तक्रार ऐकूं येते: कंबर धरली. कोणास पोतें उचलतांना उसण भरते, कोणाच्या मानेंत चमक निघते. आणि बीजोत्पादनाच्या प्लॉटांत दिवसभर वांकून क्रॉसिंग करणाऱ्या बायांस तर संध्याकाळीं ताठ उभें राहणें जड जातें. अशा दुखण्यांवर उपाय करणारे हात आपल्याकडे पूर्वापार आहेत. उसणीवर पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, तालमींतील वस्ताद निखळलेला खांदा बसवितो, हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून देतो. अलीकडे यांत नव्या नांवांची भर पडली आहे. मोठ्या शहरांतून ऑस्टिओपॅथी, कायरोप्रॅक्टिक अशा पाट्या दिसूं लागल्या आहेत. आणि पाठीचा कणा कडकन् वाजवून रोग्यास क्षणांत उभा केल्याच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून आमच्या कित्येक सभासद बंधूंनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, ही विद्या आहे तरी कोणती, आणि तिच्यासाठीं पुण्या-मुंबईपर्यंत खर्च करून जाण्यांत कांहीं अर्थ आहे काय?

ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेंतील एक वैद्य. इ. स. १८६४ मध्यें मेंदूज्वरानें त्याच्या घरचीं तीन मुलें दगावलीं आणि त्या काळच्या औषधांवरील त्याचा विश्वास उडाला. हाडें व सांधे जागच्या जागीं नसले म्हणजे रक्ताभिसरणास अडथळा होतो व त्यांतून रोग उद्भवतात, असें मत त्यानें १८७४ त जाहीर केलें, आणि १८९२ त मिसूरी संस्थानांतील कर्क्सव्हिल येथें शाळा काढली. गंमत अशी कीं, प्रारंभीं गांवोगांव फिरतांना तो स्वतःस विजेच्या वेगानें हाडें बसविणारा म्हणवीत असे. म्हणजे आपल्या हाडवैद्याचाच तो भाऊबंद.

कायरोप्रॅक्टिक ही या विद्येची धाकटी बहीण. पूर्वीं मधमाशा पाळणाऱ्या डी. डी. पामर यानें ती १८९५ त आयोवा संस्थानांत सुरू केली. ऑस्टिओपॅथ बहुधा स्नायू दाबून, ताणून, सांधा हळूहळू फिरवून काम करितो. पामरच्या अनुयायांचा भर मणक्यास एकदम लहानसा झटका देण्यावर असतो. त्या वेळीं जो आवाज होतो तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यांतील द्रवांत वायूची पोकळी उत्पन्न होते, तिचा तो आवाज. बोटें मोडतांना होतो तोच. चित्रफितींतील निम्मा चमत्कार येथेंच संपतो.

तिसरी विद्या फिजिओथेरपी. पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ त स्टॉकहोम येथें काढलेल्या व्यायामसंस्थेंत तिचें एक मूळ सांपडतें. हातानें मर्दन करणें व सांधे हलविणें तिच्यांतही आहे. परंतु मुख्य भर रोग्याकडून व्यायाम करून घेण्यावर. आम्हांस हा फरक फार मोलाचा वाटतो. हात फिरविणारा निघून गेला कीं गुण ओसरूं लागतो. शिकलेला व्यायाम घरीं राहतो.

सर्व रोगांचें मूळ हाडांसांध्यांत आहे, हें स्टिलचें मत टिकलें नाहीं. अमेरिकेंत त्या पंथाचे विद्यार्थी आज संपूर्ण वैद्यक शिकतात, औषधें देतात, शस्त्रक्रियाही करितात. ब्रिटनमध्यें १९९३ च्या कायद्यान्वयें नोंदलेला ऑस्टिओपॅथ मुख्यतः हातानेंच उपचार करितो. शब्द एक, धंदे दोन! म्हणून पाटी पाहून पाठ कोणाच्या हातीं देऊं नये. कोठें व किती वर्षें शिकलांत, हें आधीं विचारावें. फ्रान्समध्यें कंबरदुखीच्या ४०० रोग्यांपैकीं कांहींस खरा ऑस्टिओपॅथीचा उपचार व इतरांस हलक्या हातानें केलेलें त्याचें नुसतें सोंग, असा प्रयोग झाला. २०२१ त त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खऱ्या उपचारानें थोडा अधिक गुण आला, पण व्यवहारांत जाणवावा इतका नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीवर जे उपाय सुचविले, त्यांत व्यायाम, मर्दन व कणा हाताळणें हीं तिन्ही आहेत. तेव्हां ऑस्टिओपॅथी ही लबाडी नव्हे. परंतु जवळच्या गांवीं चांगला फिजिओथेरपिस्ट असतां तिच्यासाठीं पुण्यास जाण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. साधी उसण तर बहुधा थोड्या आठवड्यांत आपोआप उतरते. शेक घ्यावा, हलकें मालिश करावें, आणि अंथरूण धरूं नये, हिंडतें राहावें.

मोडलेल्या हाडाची गोष्ट निराळी, आणि येथें आमची एक चूक सांगितली पाहिजे. आमच्याच शेतावरील सालगड्याचा नऊ वर्षांचा मुलगा चिंचेवरून पडला व कोपराशीं हाड मोडलें. सालगड्यास कोठें न्यावयाचें हें शेवटीं मालकच ठरवितो, कारण गाडी त्याची व पैसाही त्याचा. सुगी चालू होती. आम्हीं जवळच्या एका हाड बसविणाऱ्याकडे पाठविलें. त्यानें कामट्या आवळून बांधल्या. मुलगा रात्रभर रडत होता. हाड मोडलें म्हणजे दुखणारच, असें म्हणून आम्हींच बापास घरीं धाडिलें. तिसऱ्या दिवशीं रुग्णालयांत नेलें तेव्हां हाताचे स्नायू मेले होते. हात राहिला, पण बोटें आंत वळून आखडलीं तीं आखडलींच. या विकृतीचें वर्णन जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान यानें १८८१ तच केलें होतें.

दूर कशाला, सुश्रुतसंहितेंतील भग्नचिकित्सेच्या अध्यायांतच बजावलें आहे कीं, पट्टी सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाहीं, आणि घट्ट असल्यास सूज, वेदना व पू होतो. थंडींत सातव्या, सौम्य ऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं ती सोडून पुन्हां बांधावी. हाडवैद्याची कला टाकाऊ नाहीं. हाडें बसविणाऱ्यांच्याच घराण्यांत जन्मलेल्या ह्यू ओवेन थॉमस या वेल्श वैद्याची खपाटी पहिल्या महायुद्धांत मांडीचें हाड मोडलेल्या कित्येक शिपायांस तारून गेली. तरी क्ष-किरणाचें चित्र पाहिल्याखेरीज हाड बांधूं देऊं नये. बांधल्यावर नख दाबून सोडावें. लाली दोन-तीन सेकंदांत परत न आली, बोटें गार किंवा बधिर वाटलीं, अथवा तीं सरळ करतांना प्राणांतिक कळ आली, तर सकाळची वाट न पाहतां बंध सैल करून रुग्णालय गांठावें.

कांहीं पाठदुखींवर मात्र ऑस्टिओपॅथ, वस्ताद वा पायाळू कोणाचाच हात पडतां कामा नये. रात्रीं वाढणारी कळ, संध्याकाळचा बारीक ताप व उतरत जाणारें वजन हीं लक्षणें कण्याच्या क्षयाचीं असूं शकतात. किडलेल्या मणक्यावर पाय दिल्यास पाय कायमचे लुळे पडण्याचें भय असतें. क्षयाचीं औषधें सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. जांघेंत बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशीं शस्त्रवैद्याकडे न्यावें. म्हाताऱ्या माणसांचीं हाडें ठिसूळ असतात. त्यांची पाठ तुडवूं नये. आणि न्हाव्याकडे दाढी झाल्यावर मान झटकून घेण्याची जी संवय आपल्यापैकीं पुष्कळांस आहे, ती सोडावी; त्या झटक्यानें मानेंतील रक्तवाहिनी फाटून पक्षघात झाल्याचीं उदाहरणें विरळा असलीं तरी वैद्यकांत नमूद आहेत.