स्टोरेज बदललं, पण सर्व्हरला कुणी सांगितलंच नाही : मल्टिपाथ आणि त्याची यादी

नव्या फोनमध्ये सिम टाकलं की नेट आपोआप सुरू होतं, बरोबर? एपीएन वगैरे काही भरावं लागत नाही. कारण अँड्रॉइडच्या आत एक लांबलचक यादी आधीच भरलेली असते. सिमचा कोड अमुक असेल तर सेटिंग तमुक. भारतातले हे कोड ४०४, ४०५ असे सुरू होतात. फोन सिमवरचा कोड वाचतो, यादीत शोधतो, सेटिंग उचलतो. यादीत नोंदच नसेल तर टॉवर फुल दिसतो आणि नेट मात्र ठप्प.

अशीच एक यादी मोठ्या लिनक्स सर्व्हरच्या आत असते. ती सिमची नाही, स्टोरेजची. या यादीनं माझा एक शनिवार खाल्ला, म्हणून हा लेख.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेचे सर्व्हर बघतो. मुख्य सर्व्हर साताऱ्यात, राखीव सांगलीत. सांगलीतला सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर ठेवलाय. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर तळमजल्याचं नाव कोण काढणार!

आता आधी मल्टिपाथ समजून घेऊ. खातेदारांचा डेटा सर्व्हरच्या आत नसतो, वेगळ्या स्टोरेजच्या पेटीत असतो. सर्व्हर आणि पेटी यांच्यात एकच केबल ठेवली आणि ती निघाली, तर कारभार बंद. म्हणून सर्व्हरला दोन पोर्ट, पेटीत दोन कंट्रोलर आणि मिळून चार रस्ते. साताऱ्याहून सांगलीला कराड, पेठ नाका, आष्टा असं जाता येतं, नाहीतर रहिमतपूर, विटा, तासगाव असं. गाव एकच, रस्ते दोन. तसंच हे.

गंमत अशी की सर्व्हर भोळा असतो. चार रस्त्यांनी तीच डिस्क दिसली की त्याला चार वेगळ्या डिस्क वाटतात. मल्टिपाथ सॉफ्टवेअर प्रत्येक रस्त्यानं जाऊन डिस्कचा ओळख क्रमांक विचारतं आणि चौघींचा क्रमांक सारखा निघाला की त्यांची एक डिस्क करून दाखवतं. इथपर्यंत सोपं आहे. पुढचा प्रश्न अवघड आहे : कोणता रस्ता आधी वापरायचा, रस्ता बंद पडला हे कसं ओळखायचं, आणि सगळेच रस्ते बंद झाले तर थांबायचं की लगेच एरर द्यायचा? याचं उत्तर प्रत्येक पेटीसाठी वेगळं असतं. काही पेट्यांचे दोन्ही कंट्रोलर एकदम काम करतात. काहींचा एक राबतो आणि दुसरा राखीव बसून असतो.

ही उत्तरं त्या यादीत असतात. सर्व्हर पेटीला विचारतो, 'तू कोण?' पेटी उत्तरात ८ अक्षरांत कंपनीचं नाव, १६ अक्षरांत मॉडेल आणि ४ अक्षरांत आवृत्ती सांगते. हे नाव यादीतल्या नोंदीशी जुळलं की ती सेटिंग लागू. नाही जुळलं तर सरसकट सेटिंग.

आमच्याकडे नवी पेटी आली. डिस्क दिसली, डेटा हलवला, सगळं झक्कास. सर्व्हर मात्र जुना, त्यावरचं मल्टिपाथचं पॅकेजही जुनं. पेटी बाजारात आली त्याच्या आधीचं. म्हणजे यादीत ती नव्हतीच. मी पाहिलंच नाही, कारण चालू होतं ना!

एका शनिवारी पेटीचं फर्मवेअर अपडेट लावलं. यात एक कंट्रोलर रीस्टार्ट होतो, तोवर दुसरा काम उचलतो. या हस्तांतरात काही सेकंद कुणीच उत्तर देत नाही. कंपनीची शिफारस होती की अशा वेळी ३० वेळा तपासा, दर ५ सेकंदांनी एकदा, म्हणजे १५० सेकंद धीर धरा. आमच्या सर्व्हरवर सरसकट सेटिंग होती : सगळे रस्ते गेले, तर ताबडतोब एरर. सर्व्हरनं एरर दिला, फाइल सिस्टिम घाबरली आणि 'आता फक्त वाचा, लिहायचं नाही' या मोडमध्ये गेली. रस्ते काही सेकंदांत परत आले, पण फाइल सिस्टिम आपणहून परत येत नाही.

विट्याच्या शाखेतून फोन आला. "सर, बॅलन्स दिसतोय, पण एन्ट्रीच पडंना. हिथं एक आजोबा थांबल्यात, आजींना मिरजेला दवाखान्यात न्यायचंय." शेवटी शाखाधिकाऱ्यांनी हातानं व्हाउचर लिहून त्यांना पैसे दिले. मला सर्व्हर पूर्ववत करायला दोन तास लागले. ते दोन तास मी विसरणार नाही.

सोमवारी सांगलीचा सर्व्हर तपासला, तर तिथं उलटाच प्रकार. तिथं नोंद होती, पण शिळी. जुन्या पेटीसाठीची मल्टिपाथ डॉट कॉन्फ फाइल कुणीतरी, म्हणजे मीच, तशीच कॉपी केली होती. मॉडेलच्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण, त्यामुळे त्याच कंपनीची नवी पेटीही तिच्यात बसली. आणि सेटिंग काय? सगळे रस्ते गेले तर अनंत काळ वाट बघ. चाचणीसाठी दोन्ही केबल काढल्या, तर सर्व्हर एररही देईना आणि बंदही होईना. लक्षात घ्या, या फाइलमधली नोंद आतल्या यादीवर मात करते. पॅकेज कितीही ताजं करा, फाइलमध्ये जुनं लिहिलेलं असेल तर जुनंच चालणार. माझ्या मते हे नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण आपल्याला वाटतं की आपण काळजी घेतलीय.

या यादीत एक मजेशीर इतिहासही दडलाय. डेल कंपनीच्या काही पेट्या 'तू कोण?' विचारल्यावर 'डीजीसी' असं सांगतात. डीजीसी म्हणजे डेटा जनरल कॉर्पोरेशन. ही कंपनी १९९९ मध्ये ईएमसीनं घेतली, आणि ईएमसीला २०१६ मध्ये डेलनं. कंपनी कधीच गेली, नाव मात्र पेटीच्या ओठांवर आहे. थ्रीपारचंही तसंच. २०१० मध्ये एचपीनं ती घेतली, तरी पेटी आपलं नाव 'थ्रीपारडेटा' असंच सांगते. नाव बदललं तर जगभरातल्या सर्व्हरच्या याद्यांमधली जुळणी तुटेल, म्हणून कुणी हात लावत नाही.

आपल्याकडे हे लगेच पटेल. साताऱ्यात १९३६ ला सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. आमच्या घरी अजून "सांगली बँकेत जाऊन येतो" असंच म्हणतात, आणि जाणारा बरोबर ठिकाणी पोचतो. घरच्यांच्या डोक्यातली यादी अपडेट आहे, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा पहिल्या नोकरीत सर्व्हरला हात लावणार असाल, तर दोन कमांड वापरून बघा. 'मल्टिपाथ -एलएल' टाकलं की पेटीनं सांगितलेलं नाव आणि सगळे रस्ते दिसतात. 'मल्टिपाथ -टी' टाकलं की आतली यादी आणि तुमची फाइल मिळून काय ठरलंय ते दिसतं. पहिल्यातलं नाव दुसऱ्यात सापडतंय का आणि तिथली सेटिंग कंपनीच्या ताज्या कागदांशी जुळते का, एवढंच बघायचं. जुळत नसेल तर आधी पॅकेज अपडेट करा, आणि त्यातही नोंद नसेल तरच फाइलमध्ये लिहा, मॉडेलचं पूर्ण नाव देऊन. सर्व्हर त्याच पेटीवरून बूट होत असेल तर बूट इमेजही नव्यानं बनवावी लागते. नाहीतर रीस्टार्टच्या वेळी जुनीच फाइल वाचली जाते.

आम्ही आता दोन्हीकडे हे केलंय. गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता, शाखा बंद असताना, साताऱ्यात मुद्दाम एक कंट्रोलर रीस्टार्ट केला. काही सेकंद सगळं थांबलं, आमचे साहेब माझ्याकडे बघत राहिले, आणि मग विट्याच्या चाचणी खात्यावर टाकलेली १ रुपयाची एन्ट्री पडली.