जुन्या घरातील निकाह : पाहुण्यांचे नियम आधी लिहून घ्या

मुंबई-अहमदाबाद महामार्गाला घोडबंदर रस्ता मिळतो त्या काशीमीरा परिसरात आणि शेजारच्या मीरा रोडला मंडप, रोषणाई व भटारखान्याचा धंदा करणारे आपले अनेक बांधव आहेत. हॉल आणि लॉनवरील काम त्यांच्या सवयीचे आहे. परंतु कोकणातील एखाद्या जुन्या घराण्याच्या घरी निकाह असला की काम बदलते. रायगड, रत्नागिरीची कितीतरी मुस्लिम कुटुंबे आखातात, दक्षिण आफ्रिकेत वा इंग्लंडमध्ये आहेत. तरी लग्न वाडवडिलांच्या घरीच व्हावे अशी त्यांची इच्छा असते. तेथे पाहुण्यांनी कसे वागावे हे आधी ठरले नाही, तर मोडतोडीचा दोष कारागिराच्या माथी येतो आणि उरलेली रक्कम अडकते.

हॉलमध्ये जे चालते ते जुन्या घरात का चालत नाही? जांभा दगड सच्छिद्र असतो. तेल, रंग आत मुरतो व धुऊन जात नाही. सागवानी खांबात ठोकलेला खिळा निघाला तरी भोक राहते. लाकडी माडी कुटुंबाच्या वावरासाठी बांधलेली असते, दोनशे माणसांसाठी नव्हे. जुने मंगलोरी कौल फुटले तर त्याच मापाचे मिळणे कठीण.

म्हणून घरमालकाशी बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात. पाहुण्यांना कोणते दालन खुले व कोणते बंद? माडीवर एका वेळी किती माणसे? जेवण अंगणातच, की ओटीवरही? चुली व देगा घरापासून किती दूर? गाड्या कोठे उभ्या राहतील? फटाके व पेटत्या मेणबत्त्या नकोतच. मंडप स्वतःच्या खांबांवर उभा करावा. घराला दोरी बांधू नये.

काही नियम कायद्याचेच आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. वास्तू केंद्र सरकारने संरक्षित केलेली असेल, तर १९५९ च्या नियमांप्रमाणे तेथे समारंभासाठी लेखी परवानगी लागते.

सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची १७१० सालची गढी आज हॉटेल आहे. अशा ठिकाणी नियम सांगायला व्यवस्थापक असतो. इंग्लंडमध्ये १९९५ पासून मंजुरी मिळालेल्या जुन्या हवेल्यांत नोंदणी विवाह होऊ लागले; तेथेही अटी करारातच येतात. आपल्या कौटुंबिक घरात मात्र व्यवस्थापक नसतो आणि कोणी मामा किंवा चाचा भिडेखातर "चालेल" म्हणून टाकतो. दुसऱ्या दिवशी तोच शब्द कोणाला आठवत नाही.

पाहुण्याला नियम सांगणे म्हणजे त्याचा अपमान, असा समज आपल्यात आहे. तो चुकीचा आहे. हजरत जैनब (रजि.) यांच्या वलिम्यानंतर काही पाहुणे गप्पा मारत बसून राहिले. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्रास झाला, पण संकोचामुळे ते बोलले नाहीत. त्या प्रसंगी सूरह अहजाबच्या ५३ व्या आयतीत पाहुण्यांसाठी आदेश आला : बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि जेवण झाल्यावर रेंगाळू नये. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. मंडपाच्या कामातही निम्मी रक्कम मागाहूनच मिळते. मग तोंडी बोलीवर का राहावे?

तेव्हा बयाणा घेतानाच एक कागद करावा. त्यात वरील नियम, काम सुरू होण्यापूर्वी असलेल्या भेगा व फुटक्या कौलांची नोंद, जमल्यास छायाचित्रे, आणि दोघांच्या सह्या असाव्यात. आपल्या माणसांकडून झालेले नुकसान आपण भरावे. पाहुण्यांकडून झालेले यजमानाने. पाहुण्यांसाठीच्या चार ओळी यजमानाने निमंत्रणपत्रिकेसोबतच पाठवाव्यात, म्हणजे दारात कोणाला अडवण्याची वेळ येणार नाही.

दुसऱ्याचे घर ही आपल्या हाती आलेली अमानत आहे. ती जशीच्या तशी परत करणाऱ्या कारागिराला त्याच घरातील पुढच्या लग्नाचे काम मागावे लागत नाही.