बारावीनंतर : रिअल इस्टेट आणि सामाजिक शास्त्रे, इंजिनिअरिंगपलीकडच्या दोन वाटा



बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले की आपल्या प्रत्येक गेट-टुगेदरमध्ये एकच प्रश्न फिरत असतो, "मग, पुढे काय ठरलं?" उत्तरंही ठरलेली असतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए, फार तर बीबीए. पण हल्ली काही मुलंमुली वेगळं बोलू लागली आहेत. कुणाला रिअल इस्टेट शिकायचं असतं, कुणाला सोशिऑलॉजी किंवा सायकॉलॉजी. मग घरात शांतता पसरते. "रिअल इस्टेट म्हणजे एजंटगिरी, त्याला कॉलेज कशाला?" आणि "आर्ट्सला जाऊन करणार काय?" ही दोन वाक्यं ठरलेली!

मी स्वतः इंजिनिअर, नोकरी आयटीत. आमच्या धंद्यात आधी रिक्वायरमेंट नीट समजून घ्यायची आणि मगच कोड लिहायला बसायचं, अशी पद्धत आहे. या दोन विषयांकडेही तसंच पाहू या.

एजंटचं कार्ड वेगळं, पदवी वेगळी

दुबईत परदेशी लोकांना ठराविक भागांत मालकी हक्काने घर घेता येईल, ही घोषणा २००२ साली झाली. त्याला पक्का कायदेशीर आधार मिळाला तो २००६च्या कायदा क्र. ७ ने. २००७ मध्ये 'रेरा' ही नियामक संस्था आली. ग्राहकांचे पैसे बिल्डरने वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, हा नियमही त्याच वर्षीचा. २००८च्या अखेरीस बाजार कोसळला आणि किमती निम्म्यावर आल्या, तेव्हा या नियमांचं महत्त्व सगळ्यांना कळलं. जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतीलच.

आज दुबईत ब्रोकर म्हणून काम करायचं तर दुबई लँड डिपार्टमेंटच्या दुबई रिअल इस्टेट इन्स्टिट्यूटचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते आणि मग कार्ड मिळतं. हा काही दिवसांचा मामला आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातही 'महारेरा'ने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली.

पदवीचा अभ्यास याहून पुष्कळ मोठा. त्यात मालमत्तेचं मूल्यांकन, जमीन आणि भाडेकरूंचे कायदे, गुंतवणुकीचं गणित, नगररचना, इमारतींची देखभाल, बाजाराचं संशोधन हे सगळं येतं. हा अभ्यास करणारा माणूस घरं दाखवत फिरतोच असं नाही. तो बँकेत तारण मालमत्तेची किंमत ठरवतो, बिल्डरकडे प्रकल्प परवडेल का याचा हिशोब करतो, किंवा मोठ्या कंपनीच्या इमारती सांभाळतो. या क्षेत्रात जगभर मान असलेली संस्था म्हणजे लंडनची आरआयसीएस, स्थापना १८६८. पदवी तिच्या मान्यतेची असेल तर पुढे अनुभव आणि मूल्यमापनानंतर तिचं सभासदत्व मिळवता येतं, आणि ते दुबई, मुंबई, लंडन कुठेही उपयोगी पडतं.

यूएईत या विषयासाठी सहसा पहिलं नाव निघतं ते हेरियट-वॉट विद्यापीठाच्या दुबई कॅम्पसचं (सुरुवात २००५). रिअल इस्टेट, क्वांटिटी सर्व्हेइंग, बांधकाम व्यवस्थापन ही तिथली जुनी दालनं. भारतात पुण्याच्या निकमारमध्ये (स्थापना १९८३) रिअल इस्टेट आणि नागरी पायाभूत सुविधांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. एक लक्षात ठेवा, रिअल इस्टेटमधले बरेच अभ्यासक्रम मास्टर्स पातळीवरचे असतात. म्हणजे आधी कॉमर्स, सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा अर्थशास्त्रही चालतं.

सामाजिक शास्त्रं म्हणजे नुसतं पाठांतर नव्हे

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, भूगोल हे सगळं यात येतं. शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांवरून त्याची परीक्षा करू नका! आजच्या अभ्यासात सर्वेक्षण कसं करायचं, नमुना कसा निवडायचा, मुलाखत कशी घ्यायची, आकडेवारीतून निष्कर्ष कसा काढायचा हे शिकवतात. आमच्या आयटीतसुद्धा ॲप वापरणारा माणूस कुठे अडतो हे शोधणाऱ्या टीममध्ये सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीची मंडळी असतात.

आपल्या मातीत तर याची मोठी परंपरा आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची पाहणी झाली होती. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस', १९३६ ची.

यूएईतले पर्याय असे :

१) न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अबुधाबी (२०१०) : अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, सामाजिक संशोधन व सार्वजनिक धोरण. प्रवेश अतिशय कठीण, पण गरजेनुसार आर्थिक मदत मिळते.

२) सोरबोन अबुधाबी (२००६) : समाजशास्त्र, इतिहास, भूगोल व नगररचना. बऱ्याच पदव्या फ्रेंचमधून, त्यामुळे आधी भाषेची तयारी हवी.

३) अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजा (१९९७) : आंतरराष्ट्रीय संबंध, अर्थशास्त्र, मास्टर्सला नगररचना.

४) दुबईत मिडलसेक्स, बर्मिंगहॅम, हेरियट-वॉट : मानसशास्त्र.

सायकॉलॉजीबद्दल एक सूचना. नुसत्या पदवीवर इथे 'सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. मास्टर्स, अनुभव आणि परवाना, तिन्ही लागतात. म्हणजे खर्चाचा हिशोब तीन वर्षांचा न करता पाच-सहा वर्षांचा करा.

दोन्ही विषय एकत्र कुठे येतात?

आपल्या रोजच्या जगण्यात! एक उदाहरण घेऊ. तुमचं करामातलं भाडं वर्षाला ६०,००० दिरहम आहे. रेराच्या निर्देशांकाप्रमाणे तशाच घराचं सरासरी भाडं ८०,००० आहे. म्हणजे तुमचं भाडं सरासरीपेक्षा २५ टक्के कमी. २०१३च्या आदेश क्र. ४३ नुसार फरक २१ ते ३० टक्के असेल तर वाढ जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे मालक ६६,००० पर्यंतच जाऊ शकतो, आणि तेही ९० दिवस आधी कळवून. ही सरासरी ठरवायला मूल्यांकन आणि संख्याशास्त्र लागतं. पण वाढीला लगाम किती घालायचा, हा समाजाचा प्रश्न आहे.

लगाम चुकीचा बसला तर काय होतं, हे मुंबईकरांना सांगायला नको. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण दुरुस्तीत पैसे घालायला मालक तयार होईनात आणि गिरगाव-लालबागच्या चाळी खचत गेल्या. पुढे १९८२ चा गिरणी संप झाला. गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे करायचा नियम १९९१ मध्ये आला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. आज तिथे टॉवर उभे आहेत. जमिनीचा भाव काढणारा आणि गिरणगावातल्या माणसांचं काय होणार हे विचारणारा, दोघेही एका टेबलावर बसायला हवे होते. दुबईच्या २०४० च्या आराखड्यात ५८ लाख लोकवस्तीचा अंदाज धरला आहे. इतकी माणसं कुठे राहणार, कशाने प्रवास करणार, भाडं किती देऊ शकणार, या प्रश्नांवर काम करायला दोन्हीकडची माणसं लागतील.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपण इथे व्हिसावर राहतो. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आपल्या मुलाची पदवी अशी हवी की जी बॅगेत घालून कुठेही नेता येईल.

१) मान्यता कुणाची? दुबईतल्या फ्री झोनमधल्या कॅम्पसना केएचडीएची परवानगी असते. संघराज्य पातळीवरची मान्यता सीएए देते. दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा, कारण सरकारी नोकरीत हा फरक आड येऊ शकतो.

२) भारतात चालेल का? परदेशी पदवीची समकक्षता आता यूजीसीच्या एप्रिल २०२५ च्या नियमांप्रमाणे ठरते. फ्रँचायझी पद्धतीने दिलेली पदवी त्यात बसत नाही. 'आमचं टाय-अप आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, लेखी मागा.

३) दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर ती इथे अटेस्ट होऊन ग्राह्य धरतात का, हे प्रवेशाआधी विचारा.

४) एकूण खर्च किती? फी दरवर्षी वाढते का, खाजगी विद्यापीठाच्या फीवर ५ टक्के व्हॅट धरला आहे का, बसचे पैसे वेगळे का, हे पाहा.

५) व्हिसा कुणाचा? २०२२ च्या बदलानंतर अविवाहित मुलाला वडिलांच्या स्पॉन्सरशिपवर २५ वर्षांपर्यंत ठेवता येतं, अविवाहित मुलीला वयाची अट नाही. पूर्वी मुलगा अठराचा झाला की सुरू होणारी धावपळ त्यामुळे बरीच कमी झाली आहे.

६) भारतात पाठवायचं असेल तर केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. पुण्यात फर्ग्युसनसारख्या कॉलेजांत या विषयांचं चांगलं शिक्षण मिळतं आणि खर्च इथल्यापेक्षा कितीतरी कमी. आजी-आजोबा जवळ असतील तर सोन्याहून पिवळं!

एवढं सगळं विचारून झालं की एक प्रश्न मुलालाही विचारा : "तुला यातलं नेमकं काय आवडतं?" तो इमारतींबद्दल बोलतो की त्यांत राहणाऱ्या माणसांबद्दल, ते शांतपणे ऐका. निम्मं उत्तर तिथेच मिळेल. उरलेलं निम्मं वरच्या सहा प्रश्नांत आहे.

तुमच्यापैकी कुणाची मुलं या विषयांत शिकत असतील, तर त्यांचा अनुभव मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. पुढच्या वर्षी बारावीला असलेल्या मुलांच्या आई-बाबांना त्याचा नक्की उपयोग होईल.

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा!