आधी माप, मग अंडं

खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी ट्रायकोकार्ड उसाच्या पानाखाली टाचताना त्यावरचे काळे ठिपके सगळ्यांनाच दिसतात. ते काळे होण्याआधी काय घडतं, ते मात्र प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावं लागतं. मी पाहिलं ते ताजं कार्ड होतं. डिंकावर चिकटवलेली तांदळावरच्या पतंगाची पांढुरकी अंडी, एका कार्डावर साधारण 20 हजार. आतून अळी निघू नये म्हणून ती अतिनील प्रकाशाखाली आधीच निर्जीव केलेली.

या कार्डावर सोडतात ती ट्रायकोग्रामा, दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी माशी. तिची मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती अंड्यावर चढते, डोकं खाली घालते आणि दोन्ही स्पर्शिकांनी कवच ठोकत चालू लागते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग वळून पुन्हा. श्मिट आणि स्मिथ या संशोधकांनी 1987 मध्ये ट्रायकोग्रामाच्या एका जातीवर दाखवून दिलं, की पहिल्या फेरीला किती वेळ लागला यावरून मादी अंड्याचं माप ताडते. फेरी लांबली की अंडं मोठं, म्हणजे आत जास्त पिल्लांची सोय.

अंदाज आला की ती जागच्या जागी थांबते, पोट खाली वाकवते आणि अंडी घालायची सुई कवचात रुतवते. तेवढ्यात शेजारच्या अंड्यावर दुसरी मादी चढली, थोडी फिरली आणि सरळ उतरून गेली. असं का होतं, ते केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी 1930 च्या दशकात शोधलं. आधीच्या मादीच्या चालण्याने अंड्याला तिचा वास लागतो. तो धुऊन टाकला की नवी मादी फसते आणि सुई टोचते. पण आत दुसऱ्या कुणाचं अंडं असल्याचं सुईलाही कळतं, आणि बहुधा ती अंडं न घालताच सुई मागे घेते.

टोचलेलं अंडं तीन-चार दिवसांत काळं पडतं आणि सात-आठ दिवसांनी त्यातून नवी माशी बाहेर येते. शेतात तीच माशी खोडकिडीची अंडी हुडकते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही.

तेव्हा कार्ड काळं असताना, माश्या निघण्याआधीच लावा. कार्डाच्या पट्ट्या संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. आणि त्यानंतर आठवडाभर तरी कीटकनाशकाचा पंप बाहेर काढू नका. फवाऱ्यात किडीआधी या माश्याच मरतात.