स्टँड फार्महाऊसला, हेड पोटमाळ्यावर

कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊसं उभी राहिली तसं शिवणाच्या जुन्या पायमशीनच्या बिडाच्या स्टँडला गिऱ्हाईक मिळालं. वर काच नाहीतर ग्रॅनाइट टाकलं की व्हरांड्यातलं टेबल तयार. हेड मात्र कुणालाच नको असतं. दहा-बारा किलोंचं ते काळं बीड भंगारात जातं, नाहीतर पोटमाळ्यावर धूळ खातं. मला हा व्यवहारच उलटा वाटतो. शिवतं ते हेड. स्टँड नुसतं चाक फिरवतं. ते काम हाताने फिरवायचं हँडलही करतं; हेड लाकडी पेटीत बसवून हँडल लावलं की हातमशीन तयार.

हेडच्या पाटावर उजवीकडे ठोकलेला नंबर बघावा. सिंगरचं मशीन असेल आणि नंबर एफ, जे किंवा वाय अक्षराने सुरू होत असेल, तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० साली बंद पडला, पण त्याची मशीनं तेल दिलं की अजून चालतात. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ आणली. सिंगर काय, उषा काय, मोठ्या घरगुती हेडांचा पाट साधारण साडेचौदा इंच लांब, सात इंच रुंद असतो. त्यामुळे एक पेटी नीट जमली की तिच्या मापावर दुसरी करता येते.

पेटी म्हणजे चार फळ्यांची चौकट, असं ऐकायला वाटतं. कस लागतो तो आतल्या मापाला. हेड उताणं करून चाक हाताने पूर्ण फिरवायचं, टाका लहान-मोठा करायचा दांडा वर-खाली दोन्ही टोकांना नेऊन बघायचा. खालचा जो भाग सर्वांत बाहेर येतो, त्याच्याही खाली बोटभर जागा सोडायची. पाटाच्या मागच्या कडेला दोन भोकं असतात. त्यांत बिजागरीच्या पिना बसतात आणि खालून स्क्रू आवळले जातात. बिजागऱ्या एका रेषेत नसल्या तर हेड उचलताना अडकतं. जोर करू नये. पटाशीने खाच पुन्हा साफ करावी. पुढच्या कोपऱ्यांत टेकूचे ठोकळे आणि त्यांवर रबर, नाहीतर मशीन खडखडतं. बाजूला चाक लाकडाला घासत नाही ना, हेही तपासावं.

लाकूड जुन्या घराच्या मोडीतलं सागवान मिळालं तर उत्तम. ओलं लाकूड पावसाळा सरून वाळू लागलं की आकसतं, वाकतं आणि सांधे सुटतात.

हँडल लावायला खांबाच्या मागे त्यासाठीची जागा हवी आणि चाकाला आरे हवेत. हँडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे साधारण तीन. एक हात हँडलवर अडकतो, कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावं लागतं. लांब शिवण, परकराचा घेर, यांसाठी पायमशीनच बरं, हे कबूल.

पण पायमशीन उचलून नेता येत नाही. २६ जुलै २००५ला उल्हास नदी कर्जतच्या वस्त्यांत शिरली, तेव्हा जड सामान जिथल्या तिथे राहिलं. पेटीतलं मशीन दोघांनी धरून माळ्यावर चढवता येतं. बचत गटाच्या बायका समाजमंदिरात शिवणाला बसतात, तिथेही ते रिक्षात घालून नेता येतं. फक्त उचलायचं ते पेटीला धरून, हेडच्या मानेला नाही. आणि आधी हेड पेटीला जखडणारा खटका लावायचा. नाहीतर बिजागरीवर सगळा भार येऊन मागची फळी फाटते.

तेल मशीनचंच घालावं. खोबरेलाने दांडे काही दिवसांत चिकटतात. आधीच चिकटलेलं असेल तर रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावं.