संगणकातील जुन्या दप्तराची राखण

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या चौदा तालुक्यांतील तेराशेवर ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांच्या दैनंदिन कारभारातून फार मोठे दप्तर निर्माण होत असते. या दप्तराचे मोल एरवी कोणाच्या ध्यानी येत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमण्यात आली व पुढे तिचे कार्यक्षेत्र राज्यभर वाढविण्यात आले. त्या वेळी शाळांची जनरल रजिस्टरे, तहसील कचेऱ्यांतील कोतवाल बुके आणि मोडी लिपीतील कागद पुन्हा उघडण्यात आले. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाच्या दाखल्याचा आधार ठरू शकते, हे सर्वांनी पाहिले.

कागद शंभर वर्षे टिकला. संगणकावरील नोंदींची गोष्ट मात्र वेगळी आहे. वीस वर्षांपूर्वी संगणकावर उतरविलेले कित्येक दप्तर आजच वाचता येईनासे झाले आहे. युनिकोडचा वापर सर्रास होण्यापूर्वी शासकीय कचेऱ्यांत मराठी मजकूर बहुधा सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतील 'डीव्हीबी-टीटी सुरेख' यांसारख्या टंकांत किंवा श्रीलिपीत लिहिला जाई. तो टंक नसलेल्या संगणकावर त्याच फाइलीत रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसते. ग्रामपंचायतीचे चालू हिशेब आता मध्यवर्ती संकेतस्थळांवर नोंदविले जातात. परंतु जुनी कर आकारणी, ठराव, पत्रव्यवहार आणि शाळांच्या याद्या त्या त्या कचेरीतील जुन्या संगणकावरच राहून गेल्या आहेत. ज्या विंडोज एक्सपीवर हे संगणक चालत, तिला निर्मात्या कंपनीकडून मिळणारे साहाय्य 8 एप्रिल 2014 रोजीच संपले.

आभासी संगणक म्हणजे काय?

या अडचणीवरील एक व्यवहार्य उपाय म्हणजे आभासी संगणक, ज्याला व्यवहारात व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही यांसारखी प्रणाली बसविली की तिच्या एका खिडकीत दुसरा, जुना संगणक जसाच्या तसा चालविता येतो. त्यात जुनी विंडोज, जुना टंक आणि हिशेबाची जुनी प्रणाली पूर्वीप्रमाणेच काम करतात. या आतल्या संगणकाला स्वतःची लोखंडी पेटी नसते. त्याची संपूर्ण हार्ड डिस्क ही बाहेरच्या संगणकावरील एक मोठी फाइल असते आणि सोबतीला त्याचे वर्णन करणारी एक छोटी फाइल असते. सबंध कचेरी एका फाइलीत मावते, ही त्याची सोय. आणि ती एक फाइल बिघडली की सबंध कचेरी जाते, हा त्याचा धोका. म्हणूनच तिची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर काढून ठेवणे अगत्याचे ठरते.

हा धोका काल्पनिक नाही. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेत खंडणीखोर विषाणू शिरला. मुख्यालयातील सर्व्हरवरील माहिती त्याने कुलूपबंद केली आणि निरनिराळ्या कार्यालयांतील काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. महामंडळाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्या बाधित झाल्या नाहीत.

प्रत कशी काढावी?

पहिली दक्षता अशी की, आतला संगणक रीतसर बंद केल्यावरच प्रत काढावी. तो चालू असताना फाइल उतरविणे म्हणजे लेखनिक रोकडवहीत नोंदी करीत असताना शेजारी बसून तिची नक्कल करण्यासारखे आहे; जमेची बाजू नोंदीपूर्वीची आणि खर्चाची बाजू नोंदीनंतरची अशी वही हाती येते. केवळ खिडकी मिटून संगणकाला 'झोपवून' ठेवणेही पुरेसे नाही. अशा अर्धवट स्थितीतील प्रत दुसऱ्या यंत्रावर जागी होईलच याची शाश्वती नसते.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. या प्रणालींत 'स्नॅपशॉट' नावाची सोय असते आणि तो घेतला म्हणजे प्रत झाली, असे अनेकांना वाटते. स्नॅपशॉटनंतर केवळ पुढील बदल वेगळ्या फाइलीत साठविले जातात. मूळ फाइल त्याच डिस्कवर राहते आणि ती गेली की बदलांची फाइल निरुपयोगी होते.

संगणक बंद झाल्यावर त्याचा संपूर्ण फोल्डर बाह्य डिस्कवर उतरवावा, किंवा प्रणालीतील 'एक्स्पोर्ट' ही आज्ञा वापरावी. पुष्कळदा येथेच काम अडते. डिस्कवर भरपूर जागा असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो. डिस्क फॅट-32 या जुन्या पद्धतीने आखलेली असली की तीवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने नव्याने आखून घ्यावी. मात्र तसे करताना तीवरील सर्व मजकूर पुसला जातो, हे आधी ध्यानात घ्यावे. 40 जीबीची फाइल जुन्या यूएसबी 2 जोडणीतून उतरण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. यूएसबी 3 असल्यास साधारण सात-आठ मिनिटे पुरतात. विजेचा भरवसा नसलेल्या गावी हा फरक लहान नाही. काम संपताच वायर ओढून न काढता 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क वेगळी करावी.

प्रत उतरली म्हणून ती उपयोगाची ठरेलच असे नाही. राहाता, कोपरगाव भागातील सोयाबीनचा शेतकरी घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहतो. तीच कसोटी येथे लावावी. दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडावी, इंटरनेटची जोडणी तोडलेली ठेवावी आणि एखादा जुना नमुना आठचा उतारा काढून पाहावा. काही जुन्या प्रणालींना डोंगल नावाची किल्ली संगणकाच्या मागे खोचावी लागे. फाइलीसोबत डोंगलची प्रत होत नाही, हे या चाचणीतच कळून येते. ऐन वेळी कळले तर उपयोग नसतो.

वेगळी ठेवलेली डिस्क

काम झाल्यावरही डिस्क संगणकाला जोडलेली ठेवणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कवरही तितक्याच सहजतेने पोहोचतो. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज ठप्प केले. त्याची झळ न्हावाशेवा येथील तिच्या टर्मिनललाही बसली. कंपनीच्या जाळ्याचा ताबा ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर पुसले गेले. वाचला तो एकच, घानामधील. कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील माहिती पुढे माणसाकरवी विमानाने इंग्लंडला नेण्यात आली. भारनियमन एवढ्या कामी आल्याचे उदाहरण विरळाच.

यास्तव दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात. एक कचेरीच्या कपाटात कुलपात असावी आणि दुसरी निराळ्या इमारतीत, शक्य तर पंचायत समितीच्या कार्यालयात, पोच घेऊन ठेवावी. नदीकाठच्या गावांना या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. डिस्कमध्ये ग्रामस्थांची व विद्यार्थ्यांची खाजगी माहिती असल्याने ती बिटलॉकरसारख्या सोयीने सांकेतिक कुलपात बंद करावी. हा परवलीचा शब्द हरवला तर स्वतःची प्रतही कचेरीला परकी होते. म्हणून तो मोहोरबंद लिफाफ्यात दुसऱ्या जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा. प्रतीची तारीख, आकार, काढणाऱ्याचे नाव आणि चाचणीचा दिनांक यांची साध्या कागदी वहीत नोंद करावी.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याची किंवा मुख्याध्यापकांची बदली होते तेव्हा प्रभार यादीत टेबल, खुर्च्या, शिक्के आणि किर्दी यांची नोंद असते. दोन्ही डिस्क, लिफाफा आणि असल्यास डोंगल यांचीही नोंद त्याच यादीत घ्यावी आणि नव्या अधिकाऱ्यासमक्ष प्रत एकदा उघडून दाखविल्यानंतरच यादीवर उभयतांच्या सह्या व्हाव्यात.